वतन तोडणारा राजा : राजर्षी शाहू महाराज



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाच्या अंकात काहीतरी लिहा असा कार्यकर्त्यांचा आग्रह झाला तेव्हा आम्ही आधी नको म्हणालो. आमचं आयुष्य सूतगिरणीच्या साच्यावर गेलं. शाळा सातवीला सुटली. पुढचं जे काही शिक्षण झालं ते रात्रपाळीच्या सुट्टीत आणि वाचनालयाच्या बाकावर. पण एक गोष्ट बरेच दिवस मनात होती. विहारात तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या शेजारी फुले, शाहू महाराजांचे फोटो आहेत. दर २६ जूनला आपण महाराजांच्या फोटोला हार घालतो. मागच्या खेपेला एका नववीतल्या पोराने आम्हाला विचारलं की, हे राजे तर मराठ्यांचे, कोल्हापूरचे. आपण उमरग्याचे, निजामाच्या मुलखातले. मग यांचा आपला संबंध काय? पोराचा प्रश्न खरा होता आणि आमच्याकडून उत्तर नीट दिलं गेलं नाही. म्हणून हा लेख.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कोल्हापूरजवळ कसबा बावडा येथे झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे कागलचे जहागीरदार, आई राधाबाई मुधोळच्या घोरपडे घराण्यातली. म्हणजे ते जन्माने राजे नव्हते, सरदार घराण्यातले होते. आई तीन वर्षांचं पोर मागं ठेवून गेली. त्या काळी कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. त्यांना इंग्रजांनी वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले होते आणि तिथेच पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर २५ डिसेंबर १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. गादीला वारस नव्हता. राणी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या या दहा वर्षांच्याही न झालेल्या मुलाला दत्तक घेतले आणि यशवंतरावाचे शाहू छत्रपती झाले. दोनच वर्षांनी वडीलही वारले.

या गोष्टीतून एक ध्यानात घ्यावं. ज्या गादीवर हा मुलगा बसला त्या गादीच्या आधीच्या मालकाला इंग्रजांनी किल्ल्यात घालून संपवलं होतं. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना १८७५ साली गादीवरून खाली ओढलं होतं. संस्थानचा राजा म्हणजे वरून सोन्याचा आणि आतून बांधलेला. पोलिटिकल एजंटाच्या मनात आलं की राजा घरी. शाहू महाराजांनी पुढं जे राजकारण केलं ते या तलवारीखाली बसून केलं, हे विसरून चालणार नाही.

त्यांचं शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि मग धारवाडला फ्रेझर साहेबांच्या हाताखाली झालं. १८९१ साली बडोद्याच्या खानविलकरांच्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालं. २ एप्रिल १८९४ रोजी, विसाव्या वर्षी, राज्याचा कारभार हाती आला. संस्थानची वस्ती तेव्हा सुमारे नऊ लाख. तरुण राजाने दफ्तर उघडून बघितले तर सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर एकाच जातीची माणसं. राज्य शिवरायांच्या घराण्याचं, कर भरणारा कुणबी, मराठा, महार, मांग, चांभार, धनगर, मुसलमान, जैन, लिंगायत. आणि लेखणी मात्र एकाच हातात. महाराजांनी लगेच कुणाला काढलं नाही. आपली माणसं नेमावी तर शिकलेली माणसंच नव्हती. आजार कुठं आहे हे मात्र त्यांना कळलं.

पहिली काही वर्षे दुष्काळ आणि प्लेग यांच्यातच गेली. १८९६-९७ चा दुष्काळ, पाठोपाठ प्लेग. महाराज घोड्यावर आणि पायी गावोगाव फिरले, स्वस्त धान्याची दुकाने उघडली, कामं काढली. राजवाड्यातून न दिसणारं राज्य त्यांना तिथं दिसलं.

मग आलं वेदोक्त प्रकरण. १८९९ च्या कार्तिक महिन्यात महाराज पहाटे पंचगंगेवर स्नानाला जात. एके दिवशी ध्यानात आलं की भटजी वेदमंत्र म्हणत नाही, पुराणातले मंत्र म्हणतो. विचारलं तर कळलं की राजा असला तरी तो शूद्र, त्याला वेदोक्ताचा अधिकार नाही. हे ऐकवणारा राजाच्याच पगारावरचा माणूस! राजोपाध्यांनीही वेदोक्त करायला नकार दिला. प्रकरण वाढत गेलं. १९०२ साली महाराजांनी राजोपाध्यांची वतनं आणि उत्पन्नं जप्त केली. ते इंग्रज सरकारकडे दाद मागायला गेले, तिथंही टिकले नाहीत. इथं एक विलक्षण गोष्ट आहे. याच कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांची बाजू घेऊन लिहिल्याबद्दल टिळक आणि आगरकर यांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले होते. पण वेदोक्ताच्या वेळी टिळकांचा केसरी शाहू महाराजांच्या विरुद्ध उभा राहिला. गादीचा अभिमान होता, पण गादीवरचा माणूस समान म्हणून चालत नव्हता.

आम्हाला इथं खरं बोललं पाहिजे. वेदोक्ताची लढाई ही आपली लढाई नव्हती. महाराज तेव्हा स्वतःचं क्षत्रियत्व मागत होते. त्या भांडणात महाराला, मांगाला काही मिळणार नव्हतं. पण दुसरे मोठे लोक आणि शाहू महाराज यांच्यात फरक इथूनच सुरू होतो. अपमान झाला की बहुतेक माणसं स्वतःपुरती जागा मागून घेतात आणि खालच्याला तसंच दाबून ठेवतात. महाराजांनी उलटा विचार केला. मी राजा, तरी मला हे सोसावं लागतं. तर ज्याच्याजवळ काहीच नाही त्याचं काय होत असेल? या एका प्रश्नातून त्यांचं पुढचं सगळं आयुष्य घडलं.

१८ एप्रिल १९०१ रोजी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. मग जैन, लिंगायत, मुसलमान, शिंपी अशा एकेका समाजाची वसतिगृहं निघत गेली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं. काही लोक म्हणतात की जातवार बोर्डिंगं काढून महाराजांनी जाती पक्क्या केल्या. पण त्या काळी एका पंगतीला बसायला कोण तयार होतं? पोर शहरात आलं तर झोपायला ओसरी मिळत नव्हती. आधी पोराच्या डोक्यावर छप्पर, मग भाषण, असा त्यांचा हिशेब होता. आमच्यासारख्या ज्याचं शिक्षण राहायला जागा नाही म्हणून सुटलं त्याला हा हिशेब लगेच कळतो.

२६ जुलै १९०२ चा दिवस आपल्या प्रत्येक घरात पाठ पाहिजे. सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी महाराज विलायतेला गेले होते, आणि त्यांच्या हुकुमाने करवीरच्या गॅझेटात जाहीरनामा छापून आला की, यापुढे संस्थानात ज्या जागा रिकाम्या होतील त्यांतल्या निम्म्या मागासलेल्या वर्गातून भराव्यात. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले सोडून बाकी सगळे त्यात आले. नुसता हुकूम काढून ते थांबले नाहीत. प्रत्येक खात्याच्या अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी किती माणसं कोणत्या जातीची नेमली याचा तक्ता पाठवावा असंही त्यात होतं. हुकूम कागदावर राहू नये याची सोय त्यांनी हुकुमातच केली होती. राखीव जागांवरून आज कुणी टोमणा मारला तर आपल्या पोरांनी मान खाली घालू नये. ही कुणाची मेहेरबानी नव्हे. तिजोरी भरणाऱ्याला कारभारात वाटा, एवढाच तो न्याय आहे.

राजाने धंद्याकडेही लक्ष दिलं. शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली. १९०६ साली कोल्हापुरात कापड गिरणीची पायाभरणी झाली, तीच शाहू मिल. ती मिल आज बंद आहे, पण तिने कित्येक घरांत चूल पेटवली. आम्ही गिरणीचे कामगार म्हणून हे आवर्जून सांगतो. भोगावती नदीवर राधानगरीचं धरण त्यांनी हाती घेतलं. त्यांच्या हयातीत ते पुरं झालं नाही, पण आज कोल्हापूरचा ऊस त्या पाण्यावर उभा आहे.

१९१७ साली त्यांनी संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. जो बाप पोराला शाळेत धाडणार नाही त्याला महिना एक रुपया दंड. त्या काळचा रुपया म्हणजे गरिबाला केवढा! हा दंड गरिबाला लुटायला नव्हता, त्याच्या पोराला गुरांमागून सोडवायला होता. विधवा पुनर्विवाहाचा कायदा, आंतरजातीय विवाहाचा कायदा, देवाला मुली सोडण्याविरुद्धचा कायदा, हे सगळे १९१७ ते १९२० या तीन-चार वर्षांतले. आपल्या घाटगे घराण्यातल्या चुलतबहिणीचा विवाह त्यांनी इंदूरच्या होळकरांच्या धनगर घराण्यात ठरवला. तो विवाह त्यांच्या मागे झाला. दुसऱ्याला सांगायचं आणि आपलं घर सोवळ्यात ठेवायचं, असं त्यांनी केलं नाही.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी आम्ही लेखाला हे नाव दिलं.

आपल्यातल्या तरुण पोरांना वतन म्हणजे काय हे माहीत नाही, आणि माहीत नाही हे चांगलंच आहे. आमचा आजा वेसकर होता. हातात काठी, खांद्यावर घोंगडी. गावात साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं, टपाल पोचवायचं, सारा गोळा करायला पाटलामागं हिंडायचं, मेलेलं ढोर ओढायचं, मयताचा सांगावा घेऊन रात्री-बेरात्री परगावी जायचं. पाऊस असो, पोरगं तापानं फणफणत असो, हाक आली की निघायचं. त्याच्या बदल्यात जमिनीचा तुकडा, तोही भावकीत वाटून वाटून पाय ठेवण्यापुरता उरलेला, आणि संध्याकाळी दारोदार मागितलेली शिळी भाकरी. एकट्या माणसाने नव्हे, सगळ्या घराने राबायचं. आमची आजी सांगायची की आजा नसला तर हाक तिच्या नावानं यायची. आणि लोकांना वाटायचं, महाराला सरकारने इनाम दिलं! त्या तुकड्याच्या मोहानं माणूस गाव सोडत नव्हता. ती साखळी होती, पण तिला इनामाचं नाव होतं म्हणून तोडावीशी वाटत नव्हती.

ही साखळी शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात तोडली. महार वतन रद्द करून त्या जमिनी रयताव्याने ज्याच्या त्याच्या नावावर केल्या. म्हणजे जमीन राहिली आणि गुलामी गेली. त्याच वर्षी कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. ज्या जमातींवर चोरीचा शिक्का मारून रोज चावडीवर हजेरी घ्यायचे, ती हजेरीही त्याच वर्षी बंद केली. १९१९ मध्ये शाळा, दवाखाने, पाणवठे, कचेऱ्या येथे अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम निघाले, अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून पोरं एका शाळेत बसवली. १९२० साली वेठबिगारीला बंदी घातली. अस्पृश्यांना तलाठी, पोलीस, हत्तीचे माहूत, गाडीवान म्हणून नेमलं, वकिलीच्या सनदा दिल्या.

हे ज्या वर्षात चाललं होतं ते वर्ष महाराजांच्या घरात सुतकाचं होतं. जून १९१८ मध्ये त्यांचा धाकटा मुलगा शिवाजी शिकारीच्या अपघातात गेला. तरुण मुलगा गेलेल्या बापाने त्याच वर्षात हे हुकूम काढले.

आणि बाबासाहेबांनी काय केलं ते आठवा. वतनाविरुद्ध बिल त्यांनी मुंबईच्या कौन्सिलात १९२८ साली आणलं आणि ते पास झालं नाही. आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब आले ते महार-मांग वतनदार परिषदेसाठीच. मुंबई राज्यात वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली. म्हणजे कोल्हापुरात जे १९१८ ला झालं त्याला बाकीच्या ठिकाणी चाळीस वर्षं लागली. आमच्या आज्याचं सगळं आयुष्य त्या चाळीस वर्षांत संपलं. नववीतल्या पोराला हे सांगायचं होतं. संबंध काय? संबंध हा आहे.

गंगाराम कांबळे यांची हकीगत पुष्कळांना ठाऊक आहे. ते महाराजांच्या पागेत नोकर होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून इतर नोकरांनी त्यांना गुरासारखं मारलं. महाराज दिल्लीला होते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना चाकरी सोडून स्वतःचा धंदा काढायला सांगून मदत केली. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल टाकलं. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज आपली गाडी हॉटेलापुढे थांबवून चहा मागवू लागले, आणि बरोबरच्या मोठमोठ्या मंडळींनाही पाजू लागले. राजा पितो म्हटल्यावर सरदार नाही कसं म्हणणार? नुसता कायदा करून माणसाच्या मनातला विटाळ जात नाही, हे त्यांना माहीत होतं. म्हणून कायद्याबरोबर ते स्वतः कपबशी घेऊन रस्त्यावर उभे राहिले.

पण महाराजांचं सगळ्यात मोठं काम याच्याही पुढचं आहे. बाबासाहेब विलायतेचं शिक्षण अर्धवट सोडून मुंबईत प्रोफेसर झाले होते. दत्तोबा पवार यांच्यामार्फत त्यांची माहिती कळली तेव्हा महाराज स्वतः परळच्या चाळीत त्यांना भेटायला गेले. छत्रपती चाळीचा जिना चढून गेला! ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या मूकनायकाला त्यांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतल्या माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद झाली. अध्यक्ष बाबासाहेब, वय अवघे अठ्ठावीस. महाराज त्या परिषदेला आले आणि भर सभेत लोकांना म्हणाले की तुम्हाला तुमच्यातलाच खरा पुढारी मिळाला आहे, आणि तो पुढं साऱ्या देशाचा पुढारी होईल. मे १९२० अखेर नागपूरला अखिल भारतीय बहिष्कृत परिषद झाली, तिचे अध्यक्ष महाराज होते. त्याच वर्षी बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले, त्यालाही महाराजांनी हातभार लावला.

सत्ता असलेला माणूस उपकार करतो, पण पुढारीपण सोडत नाही. तुमचं भलं मीच करणार, तुम्ही माझ्या मागं उभे राहा, असं म्हणतो. आज आपल्याच वस्तीत असे पुढारी निवडणुकीच्या वेळी येतात. महाराजांनी गर्दी गोळा करून स्वतःचा जयजयकार करून घेतला नाही. त्यांनी गर्दीला सांगितलं की माझ्या मागं येऊ नका, तुमच्या माणसामागं जा. असा राजा आम्ही तरी दुसरा वाचलेला नाही.

महाराजांवर आरोप झाले. ते इंग्रजधार्जिणे होते, स्वराज्याच्या आड आले, असं त्या काळच्या पत्रांनी लिहिलं. हे खरं आहे की महाराजांनी इंग्रजांशी उघड वैर केलं नाही आणि पहिल्या महायुद्धात त्यांना मदत केली. वर सांगितल्याप्रमाणे वैर केलं असतं तर गादी गेली असती, आणि गादीबरोबर बोर्डिंगं, शाळा, हुकूम सगळं गेलं असतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की, जातवार प्रतिनिधित्व न देता स्वराज्य आलं तर ते थोड्याच लोकांचं राज्य होईल. यात चूक काय होती ते ज्याने त्याने आपल्या गावाकडे बघून ठरवावं. आमचा भाग तर १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या ताब्यात होता. राज्य बदललं तेव्हा आपल्या वाड्यातल्या माणसांना कळलं की झेंडा बदलला तरी पाणवठा आपोआप बदलत नाही.

या धावपळीत शरीर खंगलं. मधुमेह होता, मुलाचं दुःख होतं, वरून टीकेचा मारा. १९२२ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या अस्पृश्य परिषदेचं अध्यक्षपद त्यांनी केलं आणि तीनच महिन्यांनी, ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय पुरते अठ्ठेचाळीसही नव्हते. अठ्ठावीस वर्षे त्यांनी राज्य केलं. कोल्हापुरात त्यांचं पहिलं स्मारक उभारलं ते गंगाराम कांबळे आणि त्यांच्या अस्पृश्य बांधवांनी. सरदारांनी नव्हे, ज्यांच्या हातचा चहा राजा प्याला त्यांनी.

बंधू-भगिनींनो, आम्ही हे सगळं जुनं उगाळायला लिहिलं नाही. आमच्या वस्तीत आजही आठवीनंतर पोरं वीटभट्टीवर आणि ऊसतोडीला जातात. पोरींची लग्नं लवकर उरकतात. महाराजांचा एक रुपयाचा दंड आता कुणी लावत नाही. तो आपला आपणच आपल्या मनाला लावायचा आहे. विहाराच्या मागच्या खोलीत संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुरू करावा आणि परगावच्या एक-दोन गरजू पोरांना तिथं राहायला जागा द्यावी अशी आमची सूचना आहे. बत्ती आणि चटई एवढाच खर्च. ज्यांना शक्य आहे त्यांनी महिन्याला थोडं द्यावं, ज्यांना शक्य नाही त्यांनी संध्याकाळी येऊन पोरांवर लक्ष ठेवावं. आम्ही स्वतः पाळी सांभाळून यायला तयार आहोत.

येत्या २६ जूनला फोटोला हार जरूर घालू. पण हाराच्या आधी खोलीतली बत्ती लागली पाहिजे. मग त्या नववीतल्या पोराला संबंध काय ते वेगळं सांगावं लागणार नाही.

जय भीम! जय शाहू! नमो बुद्धाय!